‘थोडा डॅमेज, बाकी ओके’ : ऑनलाइन जुना कॅमेरा घेताना हिशोब नेमका कुठं चुकतो?

“लेन्स एकदम ओके. फक्त ऑटोफोकस अडकतो. किरकोळ काम आहे. अर्जंट विकणे.”

अशा चार ओळी आणि सोबत तीन धूसर फोटो. फेसबुक मार्केटप्लेस, ओएलएक्स आणि फोटोग्राफरांचे व्हॉट्सअॅप ग्रुप अशा जाहिरातींनी भरलेत. किंमत बाजारभावाच्या निम्मी असते. बघणाऱ्याच्या डोक्यात लगेच गणित सुरू होतं, की निम्म्यात घेऊ, दोन-चार हजारात दुरुस्त करू आणि सीझन मारू.

हे गणित पुण्या-मुंबईत बसून करणं वेगळं आणि सिद्धेश्वरमध्ये बसून करणं वेगळं. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी धरण आणि त्याखाली सिद्धेश्वर. अशा गावातल्या पोराला मोठा कॅमेरा हवा असतो तो बहुतेक दोन कारणांसाठी. एक म्हणजे लग्नाच्या ऑर्डरी आणि दुसरं म्हणजे हिवाळ्यात पाण्यावर उतरणारे पक्षी. पहिल्याला बॉडी आणि फ्लॅश चांगला लागतो, दुसऱ्याला लांब पल्ल्याची लेन्स. नवं घ्यायचं तर हळदीच्या एका हंगामाचा पैसा त्यात जातो. मग नजर साहजिकच जुन्याकडे वळते, आणि जुन्यातही स्वस्त म्हणजे डॅमेज झालेल्याकडे.

बरं, हा सौदा मुळातच मूर्खपणाचा आहे असं अजिबात नाही. अनेकांचा धंदा जुन्या, खरचटलेल्या कॅमेऱ्यावरच उभा राहिलाय. प्रश्न एवढाच आहे की कोणता डॅमेज घ्यायचा आणि कोणता सोडायचा.

इतका जुना माल एकदम आला कुठून?

जपानी कॅमेरा कंपन्यांची संघटना म्हणजे ‘सिपा’ दरवर्षी आकडे देते. २०१० साली या कंपन्यांनी जगभरात सुमारे १२ कोटी डिजिटल कॅमेरे पाठवले होते. २०२३ मध्ये हा आकडा ७७ लाखांच्या आसपास होता. साधे छोटे कॅमेरे मोबाइलने खाल्ले. जे उरले, त्यांच्यात आरसा असलेल्या डीएसएलआरची जागा मिररलेसने घेतली. कॅनन आणि निकॉनने आपले शेवटचे सर्वात वरचे डीएसएलआर २०२० मध्ये आणले, त्यानंतर दोघांचाही सगळा जोर मिररलेसवर आहे.

याचा परिणाम थेट लग्नाच्या मांडवात दिसतो. शहरातल्या फोटोग्राफरने मिररलेस घेतला की त्याची जुनी बॉडी, दोन लेन्स, फ्लॅश असा सगळा सेट विक्रीला निघतो. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू अशी, की हे कॅमेरे कपाटात ठेवलेले नव्हते. त्यांनी मांडव, हळद, गुलाल, पाऊस, डीजे सगळं बघितलेलं असतं. शिवाय जसजसं मॉडेल जुनं होतं, तसतसे कंपनीकडचे सुटे भाग आटत जातात. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी ‘किरकोळ’ असलेलं काम आज तसं असेलच असं नाही.

निम्मी किंमत खरंच निम्मी असते का?

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ हिशोबासाठी धरलेत.

समजा एखादी लेन्स जुन्या पण धडधाकट अवस्थेत ५० हजारांना मिळते. तीच लेन्स ‘फोकस अडकतो’ म्हणून कुणी २८ हजारांना देतोय. वरवर पाहता २२ हजारांचा फायदा. आता दुरुस्तीचा अंदाज १२ हजार धरा. लेन्स सर्व्हिस सेंटरला पाठवणं आणि परत मागवणं, विम्यासकट २ हजार. एकूण झाले ४२ हजार. म्हणजे फायदा २२ चा नव्हता, ८ हजारांचा होता.

इथपर्यंत बरेच जण येतात. पुढचा टप्पा सुटतो तो असा, की दुरुस्ती होईलच याची खात्री काय? समजा चारपैकी एका वेळी सर्व्हिसवाला सांगतो की मोटर मिळत नाही किंवा आतली काच सरकलीय. मग २८ हजार अधिक कुरिअरचे २ हजार गेले आणि सुट्या भागांसाठी म्हणून विकून ८ हजार परत आले. नुकसान २२ हजार. तीन वेळा ८ हजारांचा फायदा म्हणजे २४ हजार, एकदा २२ हजारांचा तोटा. चार सौद्यांत मिळून उरले २ हजार, म्हणजे सौद्याला पाचशे रुपये. त्यासाठी दीड-दोन महिने लेन्स खोक्यात पडून राहणार. तुळशीचं लग्न होऊन मुहूर्त सुरू झालेले असतील तर त्या काळात गेलेल्या ऑर्डरी वेगळ्याच.

इथंच सिद्धेश्वर आणि पुण्यातला फरक कळतो. शहरातला माणूस दुपारी दुकानात जाऊन विचारतो, “याला किती लागतील?” आणि संध्याकाळी सौदा करतो. गावातल्या माणसाला ते विचारण्यासाठी आधी वस्तू विकत घ्यावी लागते. अंतर हाच त्याच्या किमतीतला न दिसणारा भाग आहे. म्हणून त्याने भाव करताना शहरातल्या गिऱ्हाइकापेक्षा आणखी खाली मागायला हवं. विकणारा तयार नसेल तर तो माल शहरवाल्यासाठीच आहे असं समजून पुढं जावं.

अर्थात एक गोष्ट आधी करता येते. ज्या मॉडेलवर डोळा आहे त्याचं नाव आणि बिघाड सांगून सर्व्हिस सेंटरला फोन करायचा. नक्की रक्कम कुणी फोनवर सांगत नाही, पण “या मॉडेलचे पार्ट अजून मिळतात का?” याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. ते ‘नाही’ आलं तर पुढचा हिशोब करायचीही गरज उरत नाही.

दिसायला भयंकर आणि खरंच भयंकर

कॅमेऱ्याच्या बाबतीत गंमत अशी आहे, की डोळ्याला सगळ्यात जास्त खुपणारं नुकसान बऱ्याचदा सगळ्यात निरुपद्रवी असतं.

लेन्सच्या पुढच्या काचेवर एक ओरखडा आहे. फोटोत तो दिसतच नाही, कारण ती काच फोकसच्या इतक्या बाहेर असते की ओरखड्याची सावली सेन्सरवर उमटत नाही. समोरून प्रखर दिवा किंवा सूर्य आला तर थोडी चमक येते, एवढंच. आतल्या धुळीच्या दोन-चार कणांचंही तसंच. पण हाच ओरखडा मागच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूच्या काचेवर असेल तर गोष्ट बदलते, तो फोटोत उतरू शकतो. सुटलेलं रबर, रंग उडालेली बॉडी, बंद पडलेला वरचा छोटा फ्लॅश, हे सगळं घासाघीस करून घेण्यासारखं. बाहेरचा फ्लॅश वापरणाऱ्या लग्नाच्या फोटोग्राफरला तर तो छोटा फ्लॅश लागतच नाही.

आता उलट बाजू. “पाण्यात पडला होता, पण आता चालू आहे” हे वाक्य ऐकलं की विषय संपवावा. पाणी सुकतं, पण सर्किटवर सुरू झालेला गंज थांबत नाही. त्यातही समुद्राचं पाणी असेल तर विचारूच नका. आज चालणारा कॅमेरा तीन महिन्यांनी ऐन मांडवात बंद पडतो, आणि नवरीच्या बापाला सर्किटचा गंज समजावून सांगता येत नाही.

लेन्स पडली असेल तर बाहेरचा पोचा महत्त्वाचा नाही, आतल्या काचा एका रेषेत आहेत की नाही हे महत्त्वाचं. ते तपासायला सपाट विटांच्या भिंतीचा समोरून फोटो मागवायचा. एक कोपरा स्पष्ट आणि समोरचा कोपरा पुसट असेल, तर काच सरकलेली असण्याची दाट शक्यता. हे नीट बसवणं महागाचं काम आहे.

फंगस हा आणखी एक प्रकार. दमट हवेत बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्समध्ये काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी येते. मुंबई-कोकणातून येणाऱ्या मालात हे जास्त बघावं लागतं. मराठवाड्यातल्या कोरड्या हवेत वापरलेल्या लेन्सला तुलनेने धूळ जास्त आणि फंगस कमी. फंगस साफ करता येतो, पण त्याने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर डाग कायमचा राहतो. पक्ष्यांसाठी लागणाऱ्या मोठ्या लेन्समध्ये काचा बऱ्याच असतात, त्या उघडून परत बसवणं जिकिरीचं. त्यामुळे छोट्या ५० एमएमला फंगस असला तर विचार करता येईल, १५०-६०० एमएमला असला तर नको.

आणि एक धोका तर अगदी आपल्याकडचा आहे. लेझर. २०२३ च्या गणेशोत्सवात मिरवणुकीतल्या लेझर दिव्यांमुळे डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी लेझर बीमवर बंदी घातली. जो किरण डोळ्याचा पडदा जाळू शकतो, तो कॅमेऱ्याचा सेन्सरही जाळतो. डीजेसमोर शूटिंग केलेल्या कॅमेऱ्यात हे नुकसान कधी एका रंगीत ठिपक्याच्या, तर कधी आडव्या-उभ्या पूर्ण रेषेच्या रूपात राहतं. बॉडी बाहेरून चकाचक, बिल-बॉक्स सगळं आहे, पण सेन्सरवर रेषा. सेन्सर बदलायचा खर्च जुन्या बॉडीच्या किमतीला टेकतो.

शटर काउंट बघितला म्हणजे झालं?

जुना कॅमेरा म्हटलं की पहिला प्रश्न शटर काउंटचा. म्हणजे आजवर किती क्लिक झाले. निकॉन डी७५० किंवा कॅनन ५डी मार्क ४ या बॉडींचं शटर दीड लाख क्लिकसाठी तपासलेलं असल्याचं कंपन्या सांगतात, निकॉन डी८५० चं दोन लाखांसाठी. एका लग्नात दोन हजार फोटो धरले तर ७५ लग्नांत दीड लाख होतात. दोन-तीन सीझनचा खेळ. त्यापुढे शटर लगेच मोडतं असं नाही, पण ते कधीही मोडू शकतं हे किमतीत धरावं लागतं.

मात्र हा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तासनतास चाललेलं व्हिडिओ शूटिंग शटर काउंटमध्ये जवळपास मोजलंच जात नाही. लग्नाच्या व्हिडिओला वापरलेली बॉडी ‘फक्त ३० हजार क्लिक’ म्हणून विकली जाते आणि ते खरंही असतं. म्हणून काउंटच्या जोडीला “व्हिडिओला वापरला का?” हा प्रश्न हवाच.

काही मॉडेलांचे जन्मजात आजारही असतात. निकॉन डी६०० च्या सेन्सरवर वारंवार डाग येत. कंपनीने २०१३ मध्येच डी६१० आणला आणि २०१४ मध्ये डी६०० ची वॉरंटी संपली असली तरी तपासणी आणि शटर बदलून देण्याची घोषणा केली. डी७५० च्या काही बॅचच्या शटरबद्दलही २०१५ पासून कंपनीने सूचना काढल्या होत्या. असा कॅमेरा घेताना “ते काम झालंय का, कागद आहे का?” हे विचारलं की विकणाऱ्याला आपल्या मालाची किती माहिती आहे तेही कळतं.

न बघता बघायचं कसं?

समोरासमोर भेट शक्य नसेल तर तीन गोष्टी मागाव्यात. पहिली, कॅमेऱ्यातून थेट निघालेली फाइल, आणि तीही ईमेल किंवा ड्राइव्हवरून. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून आलेली चालत नाही, कारण त्यात फोटो दाबला जातो आणि त्यातली कॅमेऱ्याची माहिती पुसली जाते. त्यात एक फोटो एफ/१६ वर काढलेल्या मोकळ्या आकाशाचा असावा, त्यात सेन्सरवरची धूळ आणि डाग दिसतात. एक झाकण लावून काढलेला काळा फोटो, त्यात जळलेले ठिपके चमकतात.

दुसरी गोष्ट, व्हिडिओ कॉल. मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने दाखवायला सांगायचं. फंगस आणि आतला पांढुरका थर दोन्ही लगेच कळतात.

तिसरी गोष्ट, सिरियल नंबर. बॉडीवरचा, बिलावरचा आणि फाइलमधला नंबर जुळला पाहिजे. चोरीच्या मोबाइलसाठी २०२३ पासून देशभर सीईआयआर यंत्रणा आहे, आयएमईआय टाकून तपासता येतं. कॅमेऱ्याला आयएमईआय नसतो, त्यामुळे तशी सोय नाही. आणि चोरीचा माल निघाला तर ‘मी पैसे मोजलेत’ हे उत्तर पुरत नाही. विकणाऱ्याची मालकीच नसेल तर घेणाऱ्याकडेही ती येत नाही, आणि चोरीचा आहे हे माहीत असून घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा होतो.

हे तिन्ही करायला विकणाऱ्याला अर्धा तास लागतो. ज्याला वस्तू खरंच विकायची आहे तो कुरकुरत का होईना, करतो. ज्याच्याकडे वस्तूच नाही तो म्हणतो, “भाऊ, मी सैन्यात आहे, बदली झालीय, आधी कुरिअरचे दोन हजार टाका.” हा साचा इतका जुना झालाय, तरी अजून चालतो. सोबत आलेल्या ओळखपत्राचा फोटो कुणाचाही असू शकतो. पैसे ‘परत मिळवण्यासाठी’ कुणी क्यूआर कोड पाठवला तर तो स्कॅन करायचा नाही, पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर पहिल्या तासात १९३० ला फोन. उशीर होईल तसे ते पैसे पुढच्या खात्यांत फिरत जातात आणि गोठवणं अवघड होतं.

फसवणूक नाही, पण माल वेगळाच निघाला तर?

इथं बहुतेकांचा गोंधळ होतो, आणि सगळं काही विकणारा कोण आहे यावर ठरतं.

विकणारा दुकानदार असेल, नियमित जुने कॅमेरे विकणारा असेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ लागू होतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर ऑनलाइन विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. पण हेच नियम असंही म्हणतात, की एखादी व्यक्ती धंदा म्हणून नव्हे तर वैयक्तिकरीत्या आपली वस्तू विकत असेल तर ते तिला लागू नाहीत. म्हणजे नागपूरच्या एखाद्या हौशी माणसाने स्वतःची एकुलती एक लेन्स विकली, तर ‘सात दिवसांत रिटर्न’ वगैरे विसरायचं.

मग तिथं उरतो तो १९३० सालचा मालविक्री कायदा. (हेल्पलाइनचा नंबरही १९३०, हा योगायोग.) वर्णन करून विकलेली वस्तू वर्णनाप्रमाणे असली पाहिजे, असं त्याचं कलम १५ सांगतं. वस्तू आपल्या उपयोगाची आहे की नाही हे बघायची जबाबदारी मात्र साधारणपणे घेणाऱ्याची, हे कलम १६.

याचा व्यवहारातला अर्थ जरा उलटा आहे. ‘फोकस अडकतो’ असं लिहून विकलेल्या लेन्सचा फोकस अडकला तर तक्रार करता येत नाही. पण त्याच लेन्समध्ये फंगस निघाला आणि जाहिरातीत ‘बाकी सगळं ओके’ लिहिलेलं असेल, तर ते तीन शब्द पुरावा ठरतात. म्हणून विकणाऱ्याकडून बिघाडांची यादी लेखी घ्यावी, मेसेजवर का होईना. आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट पैसे देण्याआधी काढावा, कारण नंतर जाहिरात गायब झालेली असते. पार्सल फोडतानाचा सलग व्हिडिओही तितकाच गरजेचा, लेबलपासून सुरू होणारा.

आणखी एक शंका हमखास निघते. लग्नाच्या ऑर्डरींसाठी घेतलेला कॅमेरा म्हणजे व्यावसायिक वापर, मग आपण ‘ग्राहक’ कसे? कायद्यात यावर खुलासा आहे. फक्त स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि स्वतः वापरलेली वस्तू व्यावसायिक हेतूत मोडत नाही. एकट्याने ऑर्डरी घेणारा गावातला फोटोग्राफर ग्राहक ठरू शकतो. दहा पोरं कामाला ठेवलेल्या स्टुडिओचं गणित वेगळं.

विक्रेता दिल्लीचा असला तरी त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागायची सोय केली, म्हणजे सिद्धेश्वरच्या माणसासाठी हिंगोलीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर कधी कधी प्रकरण तिथंच मिटतं.

पण आयोगाचा निकाल यायला वेळ लागतो आणि लग्नं थांबत नाहीत. म्हणून रक्कम मोठी असेल तेव्हा अनेक जण सरळ परभणीहून रात्रीची गाडी धरतात आणि सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात सकाळी उभे राहतात. तिथं कॅमेऱ्यांची दुकानं एकमेकांना लागून आहेत, एकाने सांगितलेली किंमत शेजारी पडताळता येते. विकणारा पुण्याचा किंवा संभाजीनगरचा असेल तर त्याच्या घरापर्यंत जाण्याचा खर्चही कुरिअर अधिक दुरुस्तीच्या जोखमीपेक्षा कमीच पडतो. जाताना खिशात आपलं स्वतःचं मेमरी कार्ड आणि चार्ज केलेली बॅटरी न्यायची, पन्नासेक फोटो आणि दहा मिनिटांचा व्हिडिओ काढायचा, आणि चहा पिऊन येतो असं सांगून ते कार्ड बाहेर कुठल्या तरी लॅपटॉपवर मोठं करून बघायचं. पैसे त्यानंतर.